उजव्या हाताचा अंगठा

इकराचं कुराण पुरं झालं आणि घरात तिच्या आमीनचा समारंभ झाला, ते साल दोन हजार पंचवीसचं. ऑक्टोबरातला शुक्रवार होता. कतारमधल्या मेसईदच्या कंपनी क्वार्टरमध्ये शिरखुर्म्याचा वास भरला होता, आणि इकराचा आजा अब्बास दाराशी खुर्ची टाकून आल्यागेल्याचे सलाम घेत बसला होता. त्याचा मुलगा अमान खताच्या कारखान्यात सुपरवायझर. म्हातारा-म्हातारी त्याच्याच व्हिसावर इथं राहत होती.

दुपारच्या दोह्याच्या बसने एक अनोळखी पोरगा आला. पंचविशीचा, पाठीला सॅक, हातात कापडी पिशवी. वाकून नमस्कार करत म्हणाला, "चाचा, मी वेदांत. नाना शिगवणांचा नातू. दोह्यात आयटीत आहे. आजोबांनी कुळीथ नि आमसुलं पाठवलीत."

अब्बासच्या हातातली वाटी हातातच राहिली. नानाचं नाव या घरात बेचाळीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर त्याची बायको मैमुना पिशवी सोडायला लागली, तर त्याने तिचा हात धरला. आधी मला बघू दे, म्हणाला.

"कुळीथ आहेत, बॉम्ब नाही," मैमुना म्हणाली.

त्याने पिशवी परातीत उलटी केली, दाणे चाळले, शिवण चाचपली. कागद-बिगद काही निघाला नाही. तेव्हा त्याला जास्तच संशय आला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. अब्बास आणि नाना दाभोळ खाडीकाठच्या एकाच गावचे, मुंबईत एकाच जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर. नाना सातवी शिकलेला, लाल बावट्याच्या युनियनचा सेक्रेटरी. अब्बास अंगठेबहाद्दर. नाना म्हणायचा, संध्याकाळी माझ्यापाशी बस, महिन्याभरात वाचायला शिकवतो. अब्बास म्हणायचा, लोखंड जोडायला अक्षर कशाला लागतं.

त्या वर्षी कतारला एका अमेरिकन कंपनीचं काम निघालं. मेसईदला तेव्हा उम्म सईद म्हणत. दोघांनी एजंटकडे वेल्डिंगची टेस्ट दिली, आणि नानाचा जोड अब्बासपेक्षा सरस निघाला. पण रशिया अफगाणिस्तानात घुसून बसला होता, आणि अमेरिकेला तेलाच्या आसपास लाल माणसाची सावलीसुद्धा नको होती. फॉर्मवर एक प्रश्नच होता, कम्युनिस्टांशी संबंध आहे का. यार्डातल्या पोरांनी नानाला सांगितलं, नाही लिहून मोकळा हो, कोण बघायला येतंय. नाना म्हणाला, पोटासाठी समुद्रापार जाईन, पण खोटं लिहून जाणार नाही.

नाना फॉर्म भरायला जायचा होता त्याच्या आदल्या दिवशी एजंटने अब्बासला ऑफिसात बोलावलं. टाय लावलेल्या एका माणसाने त्याला चहा दिला, गावाची चौकशी केली, मग सहज विचारलं, तुमचा तो शिगवण मीटिंगला जातो का? अब्बास म्हणाला, जातो की, भाषण तोच करतो, लोक ऐकत राहतात. दोस्ताचं कौतुक केलं त्याने. त्या माणसाने इंग्रजीत चार ओळी टाईप केल्या आणि शाई पुढे सरकवली. पुरुषाचा अंगठा डाव्या हाताचा घेतात. पण ठिणग्यांनी अब्बासचा डावा अंगठा गुळगुळीत झालेला. दोनदा उठवला, दोन्हीदा नुसता डाग पडला. शेवटी त्या माणसाने उजवा घेतला. कागदावर काय आहे हे अब्बासने विचारलं नाही. व्हिसाचाच असेल असं धरून चालला.

दुसऱ्या दिवशी तो नानासोबत एजंटच्या ऑफिसात गेला. शिपायाने नानाला दारातच अडवलं, यादीत नाव नाही म्हणाला. फॉर्म हातातसुद्धा दिला नाही. अब्बास महिन्याभरात विमानात बसला.

उम्म सईदच्या कॅम्पात, पत्र्याच्या खोलीत पडल्यापडल्या त्याने दोन नि दोन चार केले. त्याच वर्षी तो अक्षरं शिकला. मैमुना चौथी पास. ती गावाहून पत्राच्या डोक्यावर मोठी अक्षरं काढून पाठवायची आणि हा तीस वर्षांचा बाप्या ती गिरवायचा. पुढे वाचायला आलं, लिहायला आलं. नानाला मात्र त्याने एक ओळ लिहिली नाही.

दुसऱ्या शुक्रवारी वेदांत पुन्हा आला. जेवला, इकराशी इंग्रजीत गप्पा मारल्या, आणि मग विचारायला लागला. एजंट कोण होता, ऑफिस कुठं होतं, खोलीत कोण कोण होतं. मोबाईल त्याने टेबलावर पालथा ठेवला होता. अब्बासची नजर त्या मोबाईलवरून हलेना.

"तुला कुणी पाठवलं?" त्याने विचारलं.

वेदांत आधी गडबडला, मग त्याने सांगून टाकलं. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवत होती. तिथल्या कागदपत्रांत तो कम्युनिस्टांचा प्रश्न अजून विचारतात, असं त्याच्या मित्राने सांगितलं होतं. स्वतःपुरतं तो बिनधास्त 'नाही' असं लिहिणार होता. पण आजोबांच्या नावाचा जुना कागद कुठं पडला असेल आणि आडनाव जुळलं तर? आजोबांना विचारलं तर ते एवढंच म्हणत, अब्बासला विचार.

अब्बास मनात म्हणाला, म्हणजे नानाला ठाऊक आहे.

वरवर तो हसला. "अरे, रशियाशी लढायला ज्या अफगाणांना बंदुका दिल्या, त्यांच्यातल्याच काहींशी हे अमेरिकन पुढं वीस वर्षं लढले. आणि बोलणी करायला बसले कुठं, तर इथं दोह्यात. त्यांना तुझा आजा आठवत असेल?"

"माणसं विसरतात, चाचा. कॉम्प्युटर विसरत नाही. माझं कामच आहे ते." वेदांत पुढे झुकला. "त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"मला माहीत नाही."

हे खरं होतं. पण पोराच्या तोंडावरून दिसत होतं की त्याला ते पटलं नाही. तो गेल्यावर अब्बासने अमानला बजावलं, या पोराला ऑफिसचा नंबर देऊ नको. अमान म्हणाला, बाबा, तो कुळीथ घेऊन आला होता.

तिसऱ्या शुक्रवारी, एकतीस ऑक्टोबरला, वेदांत आला तो बसलाच नाही. आजोबांनी अंथरूण धरलंय, म्हणाला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. बोलायचं असेल तर आज बोला. अब्बासला वाटलं, ही बोलतं करायची युक्ती. औषधाचं निमित्त सांगून तो आतल्या खोलीत गेला. मैमुना मागोमाग आली.

"अहो, बेचाळीस वर्षं बघत्येय. नाना म्हटलं की तुमचा उजवा अंगठा मुठीत जातो. तुमच्याआधी तो गेला तर ही मूठ कुणापुढे उघडणार?"

अब्बास बाहेर आला. वेदांतसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, चहा, टाय, शाई, अंगठा. "काय लिहिलं होतं ते खरंच माहीत नाही, पोरा. मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

वेदांतने मोबाईल उचलला. त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला. उशीला टेकलेला नाना दिसला, हाडं वर आलेली, डोळे तेच.

"अब्बाश्या," नाना म्हणाला, "केस कुठं ठेवलेस रे?"

अब्बासने आडपडदा ठेवला नाही. तुझ्या नावाच्या कागदावर अंगठा मी दिला, म्हणाला. नाना उशीवरून जरा वर सरकला.

"कुठल्या हाताचा?"

"उजव्या. डावा उठेना."

नाना हसायला लागला, हसता हसता खोकला. "उजवा बायकांचा असतो, येड्या. म्हणजे माझ्याविरुद्ध साक्ष पडली ती मैमुनावहिनींची. वहिनी, हे काय केलंत?"

मैमुनाने ओढणी तोंडाला लावली. ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"आणि ऐक," नाना म्हणाला. "फॉर्मवर मीच होय लिहिलं होतं. माझ्या हाताने. तुझा अंगठा त्यांना कशाला हवा होता? सोड आता."

वेदांतने मोठा श्वास सोडला. एजंटच्या ऑफिसचं ते दार अब्बासला आठवत होतं, शिपायाचा आडवा हात आठवत होता. फॉर्म नानाच्या हातात पडलाच नव्हता. कतारच्या नोकरीसाठी जो एक शब्द खोटा लिहायला तयार झाला नाही, तो आज उशीला टेकून धडधडीत खोटं बोलत होता.

"बरं झालं सांगितलंस," अब्बास म्हणाला.

फोन बंद झाल्यावर वेदांतने विचारलं, चाचा, हे खरं ना? आजोबा तुमचं मन राखायला तर बोलले नाहीत? अब्बासने त्याच्याकडे पाहिलं. संशय घेतानाची ही नजर त्याच्या ओळखीची होती.

"तुझा आजा खोटं बोलत नाही," तो म्हणाला, आणि मैमुनाला ताटं घ्यायला सांगितलं. कुळथाची पिठी केली होती.

नाना शिगवण शुक्रवारी, चौदा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसला, सकाळी आपल्या गावच्या घरी वारला. वय चौऱ्याहत्तर.