सासऱ्यांच्या दुरुस्त्या जातात कुठे

सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि सून तिथलीच प्रोग्रामर. घरी काय, कामावर काय, दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण गेला महिनाभर सासऱ्यांना कुणाची दृष्ट लागली होती कोण जाणे! त्यांनी सुधारलेल्या चुका छापून आल्या की पुन्हा तशाच दात विचकून उभ्या. परवा तर मुलांच्या पुस्तकात हत्तीला पाच पाय!

"मी चार केले होते हो," सासरे म्हणाले. पण दाखवणार काय? जागा अडू नये म्हणून छपाई झाली की सामायिक ड्राइव्हवरची पानं पुसून टाकायची, अशी तिथली पद्धत.

मालक भला माणूस. एवढंच म्हणाला, "काका, वयोमानाने होतं असं."

ते मात्र सासऱ्यांच्या जिव्हारी लागलं. घरी आल्यावर सुनेला म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून मी येत नाही. डोकं चालेनासं झालंय माझं." तिला ते पटेना. हा माणूस आणि विसरणार? शक्यच नाही!

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच ठाण मांडून बसली. पान आलं. सासऱ्यांनी ते बघता बघता तपासलं आणि ड्राइव्हवर ठेवलं. दुरुस्ती तिने डोळ्यांनी पाहिली. मग छपाईची पानं तयार करणारा तिचाच प्रोग्राम चालवला, तर तो म्हणतो कसा, नवीन काही नाही!

"अगं बाई! हा तर माझाच प्रताप!"

ड्राइव्हवरचं पान तयार पानापेक्षा नंतरचं असेल तरच उचलायचं, असं तिने प्रोग्रामला शिकवलं होतं. तयार पान एकदा तपासणीला जाण्याआधीच बनायचं. पण त्यावर वेळ पडायची तिच्या कॉम्प्युटरची आणि दुरुस्त पानावर ड्राइव्हच्या मशीनची. त्या मशीनचं घड्याळ महिनाभरापासून चांगलं आठ-दहा मिनिटं मागे. बाकीचे तपासणारे चहा ढोसून, गप्पा हाणून तासाभराने पान परत करत, त्यांचं निभावून जायचं. सासरे पाच मिनिटांत हातावेगळं करायचे, म्हणून त्यांचंच पान जुनं ठरायचं.

तिने तिथल्या तिथे प्रोग्राम बदलला. आता वेळ बघायचीच नाही, दोन्ही पानांतला मजकूर ताडून बघायचा. मालक धावत आला, हात जोडून माफी मागून गेला.

"म्हणजे मी विसरत नव्हतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा. तुम्ही फार भरभर तपासता, एवढाच तुमचा गुन्हा."

ते हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "खरं सांगू? महिनाभर रोज अंथरुणावर पडलो की घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचो. एखाद्या दिवशी तुझंच आठवलं नाही तर, या धास्तीने झोप लागायची नाही."

तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"आज नावं म्हणणार नाही," सासरे म्हणाले. "आज पडल्या पडल्या झोपणार. आण बघू पुढचं पान."