बन्सीच्या गिटारीचं पॉलिश

माझं तोंड वाईट, हात चांगला, असं शिरूरमधी लोक म्हंत्यात. खोटं न्हाई. चाळीस वर्सं लाकडाला पॉलिश करतोय, कुणी नाव ठेवलं न्हाई. पण माझ्या पोराच्या वाट्याला माझं नुसतं तोंड आलं. हात आला तो पोरगं गेल्यावर.

बन्सी दौंडला रेल्वेत खलाशी होता. तिथल्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा, विजेवरची. तसली गिटार इकत घ्यायची ऐपत कुणाची? एका इंजिन ड्रायव्हरची बघून त्यानं कागदावर आकार काढला, दांडा आन् तारा पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणल्या, आन् धडासाठी माझी सागवानी फळी कापली. कपाटाच्या दारासाठी चार वर्सं सावलीत सुकवलेली फळी, आन् ह्या पठ्ठ्यानं मला न विचारता तिला कंबर काढली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"आबा, आता तेवढं पॉलिश करून द्या," म्हणाला, वर हसून.

"ह्या लाकडाला माझा हात लागायचा न्हाई," म्हणलं. "वाजीव तसंच, कोरं."

दोन वर्सं त्यानं कोरंच वाजवलं. मी एकदाबी ऐकाया गेलो न्हाई. मग पंचाहत्तरच्या माघात त्याला कावीळ झाली, आन् अकराव्या दिवशी पोरगं गेलं. सव्वीस वर्सांचं. आम्ही स्थळं बघत होतो त्याला.

पहिल्या पुण्यस्मरणाला आठ दिवस ऱ्हायले तवा पार्टीचा पेटीवाला मच्छिंद्र यष्टीनं शिरूरला आला. गिटार त्याच्याच घरी असायची. पोत्यात गुंडाळून आणली होती.

"जयभीम मामा. कार्यक्रमाला हीच वाजवायची म्हणतोय आम्ही. तेवढं हिला..."

मी पोतं त्याच्या हातातनं घेतलं. मनात म्हणलं, बन्सी, आता बघ तुझा बाप कसं पॉलिश करतो ते. त्याला न्हाई म्हणलेलं मला आत वर्सभर टोचत होतं. तेवढं एक फेडायचं होतं.

तारा काढल्या, स्क्रू काढून वाटीत ठेवले, धड मोकळं केलं. उन्हात नेऊन बघतो तर वरच्या कडेला वीतभर काळपट, चिकट डाग. तेलकट जागेवर रंग धरत न्हाई, म्हणून डाग आधी काढायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला नेम. धुण्याच्या सोड्यानं धुतला, स्पिरिटनं पुसला, हटंना. कुणा येड्यानं तेलाचे हात लावले म्हणून शिव्या घालत काचपेपर घेतला आन् दीड दिवस घासला. खालचं लाकूड स्वच्छ पिवळं निघालं तवाच उठलो.

मग खडूची भुकटी चोळून बारीक भोकं बुजवली, तांबूस रंग दिला. चपडा लाख स्पिरिटमधी भिजवून गाळून घेतली, मलमलीत कापसाचा बोळा बांधला आन् चार दिवस सकाळ-दुपार हात दिले. बोळा फिरवताना मी बन्सीची माफी मागत होतो. मोठ्यानं मागायचो, दुकानात कोण हाय का न्हाई तेबी बघत नव्हतो. रडायलाबी यायचं. शेवटच्या हाताला धडात माझं तोंड दिसाया लागलं, आन् मला जरा बरं वाटलं.

मी चांगुणाला, माझ्या बायकोला, हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, खाली बसली आन् धड मांडीवर घेतलं. वरच्या कडेवर हात ठेवला. मग हात पुढं सरकवला, मागं आणला, पुन्हा पुढं.

"हितं होतं न्हवं?" म्हणाली.

"काय?"

"वाजवताना त्याचा हात टेकायचा ती जागा. घामानं काळी पडली होती."

दर पुनवेला ती दौंडला जायची. विहारात वंदनेला जाते, असं मी धरून चाललो होतो. वंदना झाली की ती मच्छिंद्रच्या घरी जायची, गिटार मांडीवर घ्यायची आन् त्या जागेवर आपला हात ठेवून बसायची. वर्सभर. हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं. माझ्यापुढं गिटारीचं नाव काढायची चोरी होती ना.

"मी डाग समजलो गं," म्हणलं. "कोरं लाकूड घाम पितं. पॉलिश असतं तर मुरला नसता."

माझ्याच हट्टापायी तो मुरला होता, हे बोलता बोलता माझं मलाच कळलं. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"घासलेला भुसा कुठं हाय?" तिनं विचारलं.

दुकानातला भुसा मी डब्यात भरून तिच्या चुलीपाशी ठेवतो, रॉकेल टाकून पेटवायला. तोबी तसाच ठेवला होता. चार दिवस तिनं त्याच्यावर चूल पेटवली. त्या भाकरी आम्ही दोघांनी खाल्ल्या. कालच डबा रिकामा झाला होता.

"वारं लई होतं त्या दिवशी," मी म्हणालो. "उडून गेला."

"बरं," ती म्हणाली. धड माझ्याकडं दिलं आन् चूल पेटवायला आत गेली.