उल्काआत्याची एक दुपार

माझ्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी तीनशे बारा घरांची होती. बाबांनी ती स्वतः केली होती, भागवार. प्रत्येक घरी बाबांनी आणि मी जायचं, कुंकू लावायचं, पत्रिका हातात द्यायची, पोहे नको म्हणायचं आणि तरी खायचे. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावलं तर माणसं आयुष्यभर डूख धरतात, असं बाबांचं म्हणणं. अशा माणसांना बोलवायचंच कशाला, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

यादीत उल्काआत्या नव्हती. "ताई घरचीच," बाबा म्हणाले. "तिला कसलं आमंत्रण?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही, मंडईजवळ एकटी राहते. आईची नोकरी, म्हणून शाळा सुटली की मी तिच्याकडेच असायचे. माझे पाढे, माझे ताप, सगळं तिनं निस्तरलं.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. "अस्मिता, डावा डोळा तर कधीच गेलाय. आता उजव्यासमोर ठिणग्या दिसतात गं. दवाखान्यात थेंब घालून तपासतात, मग दोन-तीन तास धड दिसत नाही. सोबत माणूस आणा म्हणतात. एक दुपार देशील?"

"पुढच्या आठवड्यात नक्की, आत्या."

पुढच्या आठवड्यात फोन बाबांनी घेतला. "ताई, औंध तेवढं उरकू दे."

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "राहू दे. तुमची माणसं नाराज व्हायला नकोत." टोमणा मला नीट कळला. तरी मी गाडीत बसले.

त्या दिवशी आम्ही बाबांच्या जुन्या साहेबांच्या व्याह्यांकडे गेलो. त्यांनी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. नवरी कोण, हेही विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आत्याला काहीच दिसत नव्हतं. ऑपरेशन झालं, पण डोळ्याचा पडदा पार सुटला होता. "ठिणग्या दिसल्या तेव्हाच का नाही आणलंत?" डॉक्टरांनी मला विचारलं. काय सांगणार होते मी? पोहे खात होते म्हणून?

खाली पार्किंगमध्ये बाबा हळूच म्हणाले, "अजून एकेचाळीस घरं राहिलीत."

माझं डोकंच फिरलं. चार माणसं वळून बघतील इतक्या जोरात मी ओरडले, "त्यांना कळवा, मुलगी नालायक निघाली! आणि बापही!" बाबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. स्वतःवर किती ओरडायचं ते अजून ठरलेलं नाही.

आत्या घरी आल्यावर बाबा पत्रिका घेऊन तिच्याकडे गेले. मीही गेले. त्यांनी तिला कुंकू लावलं, पत्रिका तिच्या हातात ठेवली, वाकून नमस्कार केला. आत्यानं कागदावरून बोटं फिरवली.

"कागद भारी आहे. वाच की, दिगंबर."

बाबांनी पत्रिका परत घेतली, चष्मा लावला. माझं नाव वाचलं, मुलाचं वाचलं, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. मग शेवटची ओळ आली. 'वेळात वेळ काढून अवश्य यावे.' बाबा 'वेळात' म्हणाले आणि थांबले. मला त्यांची दया आली नाही.

"वाच पुढे," आत्या म्हणाली. "ऐकू येतंय मला अजून."