गळ्याची शपथ

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिपालीनं सासऱ्यांना पहिल्यांदा हात लावला, आणि तोही त्यांच्या छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवायला.

त्या घरात सुनेनं सासऱ्याला शिवायचं नाही, वर मान करून त्यांच्याकडे पाहायचं नाही आणि थेट बोलायचं तर मुळीच नाही, अशी रीत. हिरालालजींना चहा हवा असला की ते भिंतीला सांगत. भिंतीचं रुख्मिणीबाई ऐकत आणि सुनेला कळवत. बरं, सून कोण, तर आर्वीच्या पुढल्या आरोग्य केंद्रातली नर्स! अख्ख्या गावाचं बीपी तिला तोंडपाठ आणि घरातल्या म्हाताऱ्याच्या नाडीचा पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता शेजारच्या नत्थूजींनी हिरालालजींना ऑटोतून आणून उतरवलं. अंगातला सदरा घामानं चिंब, डावा हात छातीशी दाबलेला, डोक्यावर टोपी मात्र जागच्या जागी. मागून रुख्मिणीबाई, अनवाणी.

"गॅस झाला मले," हिरालालजी धापा टाकत म्हणाले. "सोडा पेलो का उतरते. ह्या बाईनं उगाच गाव गोळा केलं."

गॅसचं नाव सांगत किती माणसं गेली, याचा हिशेब दिपालीला कोणी विचारू नये. तिनं त्यांना खाटेवर आडवं केलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि वायरी लावल्या. ते संकोचानं तोंड फिरवून पडून राहिले.

मशीन कॅल्क्युलेटरएवढं. काढलेला ईसीजी त्याच्यातून थेट मोबाईलवर आणि तिथून शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचा. काही वर्षांपूर्वी कागदाची पट्टी रोग्याच्या खिशात घालून त्याला वर्ध्याला धाडत, आणि ती वाचेपर्यंत पुष्कळदा वाचण्यासारखं काही उरत नसे. आता सहाव्या मिनिटाला उत्तर आलं. केंद्राच्या तरुण डॉक्टर प्रेरणा यांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मोठा अटॅक आहे. पुढची मोठी रक्तवाहिनी बंद झालीय. वर्ध्याजवळ सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला दीड तास, तेवढ्यात हृदयाचा बराच भाग मरेल. ते म्हणतात, गाठ विरघळवायचं इंजेक्शन इथंच द्या आणि मग पाठवा. दिपाली, भरायला घे."

औषध कपाटातच होतं. याच इंजेक्शननं गेल्या उन्हाळ्यात मरणाला टेकलेली एक बाई तिच्या डोळ्यांदेखत वाचली होती; पाऊण तासात उठून बसली आणि घरी म्हशीला पाणी पाजलं का म्हणून विचारू लागली. पण त्या औषधाला हृदयातली गाठ कोणती आणि दुसरी कोणती, हे कळत नाही. शरीरानं जिथं जिथं रक्त गोठवून भोक बुजवलं असेल, तिथं तिथं ते पुन्हा उघडतं. म्हणून आधी प्रश्नांची यादी वाचायची आणि एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायचं.

यादी दिपालीनंच वाचली. थेट त्यांना विचारत. रीत गेली खड्ड्यात.

"मामाजी, कधी लकवा आलता?"

"नाई."

"रक्ताची उलटी? काळी संडास?"

"नाई, नाई."

"तीन महिन्यांत कुठं पडले का? डोक्याले मार लागला?"

हिरालालजी छताकडे पाहत होते. "मी काय लहान पोट्टा आहो पडाले?"

दिपालीनं सासूकडे पाहिलं. रुख्मिणीबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. नवरा बोलत असताना त्या कधीच बोलत नसत, त्यामुळे दिपालीला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिनं 'नाही'वर खूण केली. घड्याळात दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

हिरालालजींनी संमतीच्या कागदावर वाकडीतिकडी सही केली. दिपालीनं इंजेक्शन भरलं, हवा काढली, हाताच्या शिरेतल्या नळीचं टोपण उघडलं. तिनं सिरिंजचं टोक नळीला जोडलं आणि दट्ट्यावर अंगठा ठेवला.

तेवढ्यात रुख्मिणीबाई पुढं झाल्या आणि त्यांनी नवऱ्याची टोपी ओढून काढली.

भर लोकांत नवऱ्याला बोडकं करणारी बाई त्या गावानं पाहिली नव्हती. हिरालालजी ओरडले, "अवो, याड लागलं का तुले?" पण दिपालीचं लक्ष त्यांच्या ओरडण्याकडे नव्हतंच. उजव्या कानाच्या वर, पांढऱ्या केसांत, हळदीचा वाळलेला थर होता. त्याखाली टेंगूळ आणि जांभळा डाग.

तिनं अंगठा उचलला. सिरिंज सोडवून ट्रेमध्ये ठेवली.

"कधी पडले?" प्रेरणा डॉक्टरांनी विचारलं.

रुख्मिणीबाईंनी पदर दातांत आवळला आणि दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं दाखवली. नऊ दिवस.

डॉक्टरांनी पुन्हा फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की इंजेक्शन अजिबात नको; तसेच आणा, मनगटातून तार घालून रक्तवाहिनी उघडू. वेळ जाईल, पण दुसरा इलाज नाही.

ॲम्ब्युलन्स निघाली; आत दिपाली आणि रुख्मिणीबाईही होत्या. बातमी कळताच वर्ध्याला नोकरीला असलेल्या प्रफुलचा, म्हणजे दिपालीच्या नवऱ्याचा, फोन आला. "इंजेक्शन होतं ना तुह्याजवळ? मंग काऊन नाई देल्लं? बाबाले काई झालं त मी तुले..." पुढचं तिनं ऐकलं नाही. फोन बंद करून खिशात टाकला.

रुख्मिणीबाई कोपऱ्यात बसून एकच पालुपद लावून होत्या. "मी बोलली नाई वो. मी तोंडातून शब्द काढला नाई."

"ह्याईनं शपथ घातलती का तुम्हाले?" दिपालीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. गळ्याची. सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. आपल्या किराणा दुकानात स्टुलावर चढून तेलाचा पिपा काढताना हिरालालजी पडले होते आणि घटकाभर शुद्ध हरपली होती. प्रफुलला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी दुकानाला कुलूप ठोकून बापाला वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं असतं. दुकानाचा गल्ला सुटू नये म्हणून म्हाताऱ्यानं बायकोच्या तोंडाला कुलूप लावलं. आणि तिनं नऊ दिवस त्या डोक्याला हळद लावली, चोरून.

वाटेत खरांगण्याजवळ मॉनिटरच्या पडद्यावरची हृदयाची रेघ एकाएकी वेडीवाकडी धावू लागली. हिरालालजींचे डोळे फिरले. "बाजूला व्हा!" दिपाली ओरडली. मशीननं शॉक दिला, त्यांचं अंग उसळलं, रेघ तशीच. तिनं दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवून जीव खाऊन दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मागं रुख्मिणीबाई कपाळ बडवत होत्या. "शपथ मोडली मी, मोडली वो! माह्यामुळंच!" त्यांना गप्प करायला दिपालीजवळ श्वास नव्हता. दुसऱ्या शॉकनंतर रेघ ताळ्यावर आली. हिरालालजी कण्हले. इतका गोड आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

सावंगीला आधी डोक्याचा स्कॅन झाला. कवटीच्या आत रक्ताचा पातळ थर होता, पडल्या दिवसापासूनचा. रक्त पातळ करणारं औषध डॉक्टरांनी अगदी मोजून दिलं, मनगटातून तार नेऊन गाठ ओढून काढली आणि वाहिनी मोकळी केली. माणूस वाचला. पण गेलेल्या वेळानं आपली किंमत वसूल केलीच. हृदयाची निम्मीच ताकद उरली.

प्रफुलला स्कॅन दाखवला तेव्हा तो बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिला. दिपालीनं त्याला माफ केलं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरालालजी नीट शुद्धीवर आले. रुख्मिणीबाई पायथ्याशी उभ्या होत्या. आदल्या सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ज्यानं शपथ घातली त्यानंच सोडवायची असते. तोवर घास कसला आणि पाणी कसलं!

हिरालालजींनी पहिला प्रश्न केला तो असा. "मी पडल्याचं प्रफुलले सांगतलं का कोणं?"

रुख्मिणीबाईंचा चेहरा पांढरा पडला. दिपालीच्या मस्तकात सणक गेली. दोन दिवसांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"मी सांगतलं, मामाजी. आणखी आयका. सुई तुमच्या शिरेत होती न माहा अंगठा दट्ट्यावर होता. आईनं टोपी नसती काढली त मी ते औषध देल्लं असतं. डोक्यात रक्त सांडून तुम्ही मेले असते, माह्या हातानं. मले जन्मभर समजलं नसतं का मी तुम्हाले मारलं." तिचा आवाज फाटला, डोळे वाहू लागले, पण ती थांबली नाही. "तुम्ही बाईले अशा जागी उभं केलं का बोललं तरी नवरा मरते, न नाई बोललं तरी मरते. आता त्याईच्याकडे पाहा आन शपथ सोडवा."

हिरालालजींनी नळ्या लावलेला हात कसाबसा बायकोकडे पुढं केला.

"सुटली, रुख्मा," ते म्हणाले. "सुटली."

रुख्मिणीबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी सुनेकडे पाणी मागितलं.