असीरगडापर्यंत जाऊन आलेलं तेल

संस्थानं विलीन होऊन दोन वर्षं होत आली होती. माळव्याकडच्या छोट्या-मोठ्या दरबारांच्या मोटारी एकेक करून विकायला निघाल्या होत्या. त्यातली एक लांबलचक काळी गाडी दिगंबर दलालाने शहरातल्या सिंधीपुऱ्यात आपल्या वखारीच्या अंगणात आणून उभी केली होती. जवळच्या बहादरपूर गावातल्या केळी पिकवणाऱ्यांना ती घ्यायची होती.

कारण साधं होतं. भाद्रपदात गावातली एक सून दोन दिवस अडली होती. सुईण सोजरबाईने जे जमतं ते सगळं केलं आणि शेवटी तिला बैलगाडीत घालून शहरातल्या दवाखान्याकडे निघाली. वाटेत चाक चिखलात रुतलं. सून वाचली, बाळ गेलं. त्यानंतर सोजरबाईने पारावर पुरुषांसमोर उभं राहून सांगितलं होतं, की आता गावाची मोटार पायजे, नाही तर मला बोलवायला येऊ नका. तिचं ऐकणं गावाला भाग होतं. पारावर बसलेल्यांपैकी निम्मे तिच्याच हातावर जन्मले होते.

गाडी बघायची जबाबदारी केळीवाल्यांपैकी शालिग्रामवर आली. केळीतलं त्याला सगळं कळत होतं, मोटारीतलं काहीच नाही. म्हणून तो रविवारी सकाळी लोधीपुऱ्यात मालतीबाईंच्या दारात उभा राहिला. मालतीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत आणि दोन खोल्यांत एकट्या राहत. लढाईच्या काळात बायकांच्या सहायक दलात भरती होऊन त्यांनी पुण्याला तीन वर्षं लष्कराच्या मोटारी चालवल्या होत्या, दुरुस्तही केल्या होत्या. शहरात त्यावरून अजून कुजबुज होई. बाई ती ऐकत आणि सोडून देत.

शालिग्रामचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी पायात चपला घातल्या होत्या. निघताना एक जुनं धुतलेलं फडकं मात्र आठवणीने घेतलं.

वखारीत दिगंबरने चहा मागवला, गाडीचं कौतुक सुरू केलं. राजेसाहेब हिच्यात फक्त दसऱ्याला बसत, असं तो सांगत होता. गाडीशेजारी भिकन उभा होता. तो दरबाराचा जुना ड्रायव्हर. दरबार गेला तशी नोकरीही गेली, आणि गाडीबरोबर तोही दिगंबरकडे आला होता. सोजरबाई आधीच येऊन पायरीवर बसली होती.

मालतीबाईंनी रंगाकडे बघितलंच नाही. दार उघडून त्यांनी आधी पायाखालचे ब्रेक-क्लच बघितले. त्यांचं रबर झिजून लोखंड चमकत होतं. मग बॉनेट उघडायला लावून त्यांनी इंजिनच्या कडेची तेलाची पट्टी बाहेर ओढली, फडक्याने कोरडी पुसली, परत पूर्ण आत घातली आणि दुसऱ्यांदा काढून आडवी धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. रंग मधासारखा. त्यांनी एक थेंब अंगठा आणि बोटात चोळला, वास घेतला.

शालिग्राम वाकून बघत होता. तेल त सोन्यासारखं दिसते, असं तो म्हणाला, आणि दिगंबर हसला.

"तेच तर," मालतीबाई म्हणाल्या. "इतकं चाललेलं इंजिन चार दिवसांत तेल काळं करतं. हे काल ओतलेलं आहे. नव्या तेलावरून मला फक्त तेलाचं कळतं, गाडीचं काही कळत नाही."

तेल बदलणं हा काही गुन्हा आहे का, असं दिगंबरने विचारलं. बाई म्हणाल्या, मुळीच नाही, चांगला मालकही बदलतो. म्हणूनच गाडी असीरगड किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन, थोडा चढ चढवून परत आणायची. मग हेच तेल पुन्हा बघायचं. त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठोकाठ भरून घेतलं. दिगंबरला ऊन, पेट्रोल, वेळ अशा बऱ्याच अडचणी आठवल्या. बाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या, सोजरबाईला शेजारी घेतलं आणि भिकनला निघायला सांगितलं.

भिकन गाडी छान चालवत होता. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करी. चढावर मात्र गाडी धापा टाकू लागली आणि मागे पांढरा धूर दिसला. बाईंनी आरशात भिकनकडे बघितलं. त्याने नजर खाली घेतली.

दुपारच्या सुमाराला गाडी वखारीत परतली. इंजिन बंद करून बाईंनी सगळ्यांना थांबायला लावलं. तेल खाली उतरायला वेळ द्यावा लागतो आणि तापल्या रेडिएटरला हात लावायचा नसतो. अर्ध्या तासाने फडकं धरून त्यांनी सावकाश झाकण उघडलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. मग त्यांनी पट्टी पुसून, घालून पुन्हा काढली आणि शालिग्रामच्या हातात दिली.

मधाचा रंग गेला होता. पट्टीवर दुधाच्या चहासारखं काहीतरी चिकटलं होतं, वर बारीक फेस. आणि तेल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्या पुढे चढलं होतं.

"तेल वाढत नसतं, शालिग्रामभाऊ. रेडिएटरचं पाणी त्याच्यात उतरतंय."

दिगंबर म्हणाला, गरम गाडीत वाफ धरतेच, बाईमाणसाला त्यातलं काय कळणार. मालतीबाई भिकनकडे वळल्या. ही गाडी किती वर्षं तुमच्या हातात आहे, असं त्यांनी विचारलं. अकरा, तो म्हणाला.

"मग माझं चुकत असेल तर तुम्ही सांगा. मी तुमचं ऐकेन."

भिकनने आधी दिगंबरकडे बघितलं, मग गाडीकडे. मग तो स्वच्छ आवाजात बोलला. "बाई, चूक नाही तुमची. हेडखालची पाणी अडवणारी गॅस्केट दोन साल झाली, गेली आहे. कुणाला दाखवायच्या आधी तेल बदलायचं, हाच हुकूम होता. मला बरं नाही वाटलं, पण घरी खाणारी पाच माणसं."

उद्यापासून तोंड दाखवू नको, एवढं भिकनला बोलून दिगंबर आत गेला.

हातातली पट्टी बाईंना परत देऊन शालिग्राम निघायला वळला. अशी दगाबाज गाडी गावात नको, असं त्याचं म्हणणं पडलं. सोजरबाईचाही चेहरा उतरला. पण बाईंनी त्याला थांबवलं. पट्टीवरचं फेसाळ तेल त्यांनी बोटांत चोळलं, धातूची कचकच लागली नाही, चढावरसुद्धा खालून ठोके आले नव्हते. म्हणजे इंजिनाचा पाया धड होता. दोन वर्षं असं चालूनही तो टिकला, याचं कारण एकच असू शकत होतं. त्यांनी भिकनला विचारलं, तेल किती वेळा बदलत होता. दर आठ दिवसांनी, तो म्हणाला, हुकूम नसला तरी.

मग त्या आत गेल्या आणि दिगंबरला आपली अट सांगितली: इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडून घासून घ्यायचं, नवी गॅस्केट बसवायची, काम भिकन करेल, खर्च दिगंबरचा. त्यानंतर असीरगडाच्या तीन फेऱ्या. तेलात फेस दिसला नाही तरच सौदा. दिगंबर बराच वेळ कुरकुरला. पण वखारीतल्या सगळ्या माणसांनी तो दुधाळ फेस बघितला होता, आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात पोचणार, हे त्याला कळत होतं. तो कबूल झाला.

गॅस्केट खंडव्याहून आली. भिकनने हेड उघडलं तेव्हा मालतीबाई शाळा सुटल्यावर तिथेच होत्या. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधली गॅस्केट जळून तुटली होती, बाकी सगळं जागच्या जागी. तिसऱ्या फेरीनंतर पट्टीवर आलेलं तेल काळपट तपकिरी होतं, पातळ, फेसाचा मागमूस नाही. शालिग्रामने ते स्वतः बोटात चोळून बघितलं आणि बाईंच्या परवानगीची वाट न बघता होकारार्थी मान हलवली.

गाडी गावाची झाली, तेव्हा ती चालवणार कोण हा प्रश्न निघालाच नाही. खरं बोलणारा ड्रायव्हर आपल्याला आयताच मिळाला, असं सोजरबाई म्हणाली. तिने आपल्या घराची पुढची खोली भिकनच्या कुटुंबाला राहायला दिली.

गाडी बहादरपूरला न्यायच्या दिवशी भिकन सिंधीपुऱ्यात बाईंसाठी थांबला होता. त्या आल्या, तसं त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि स्वतः मागे सरकला. मालतीबाईंनी पदर कमरेला खोचला. पुण्याहून आल्यापासून त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या नव्हत्या. पहिला गिअर थोडा अडला, दुसरा सहज पडला. रस्त्यावरच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. बाईंनी एकदा भोंगा वाजवला आणि गाडी गावच्या रस्त्याला लावली.