फॅक्सचा रकाना

अण्णांशिवाय कंपनीत पान हलत नसे, आणि हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. पंपांना, यंत्रांना लागणाऱ्या रबरी कड्या बनवणारी ती कंपनी. कुणाचा माल आधी रवाना करायचा, हे तीस वर्षं एकटे अण्णा ठरवत आले होते. सुट्टी घेतली की दिवसाला दहा फोन. बायको म्हणायची, "माझी सवत बोलावतेय, जा!"

अशात जुनं सॉफ्टवेअर बदलायला एक इंजिनिअर बाई आल्या. काचेची केबिन सोडून अण्णांशेजारी स्टूल ओढून बसल्या. तीन आठवडे एकच पालुपद, "अण्णा, हे असं का?" अण्णांनी बरंच सांगितलं, एक गोष्ट मात्र पोटातच ठेवली. सगळंच सांगितलं तर उद्या आपल्याला कुत्रं तरी विचारेल का?

चाचणीच्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरने यादी काढली. मालक मागेच उभे. अण्णांनी यादीवर नजर टाकली. इस्पितळाच्या कड्या एक्केचाळिसाव्या! किडनीच्या यंत्राच्या कड्या त्या. गप्प बसलं, की बाईंचं सॉफ्टवेअर तोंडावर आपटेल आणि सगळे झक मारत आपल्याकडे येतील. पण त्या यंत्राला जोडलेल्या माणसाने अण्णांचं काय घोडं मारलं होतं?

"बाई, फॅक्सचा रकाना कुठे गेला?"

"काढला. आता फॅक्स कोण करतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर निकडीच्या गिऱ्हाइकापुढे मी तिथे एकचा आकडा टाकायचो. जुन्यात दुसरी जागाच नव्हती हो."

मालक भडकले, "तीन आठवडे तोंड शिवलं होतं का?"

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "रकान्यात आकडे दिसत होते. काढण्याआधी मी विचारायला हवं होतं."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बाई आहे ही! सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि लगेच कामालाही लागली.

बाईंनी जुन्यातले आकडे परत आणले, शेजारी 'कारण' असा नवा रकाना केला. अण्णा हातचं न राखता सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. इस्पितळ, अग्निशमन दल, पाणीपुरवठा. शेवटी उरला एक बर्फाचा कारखाना.

"हा का? इथे तर कुणाचा जीव अडकत नाही."

अण्णांनी मान खाली घातली. "वीस वर्षांपूर्वी त्यांचा माल पाठवायला मी विसरलो. सगळा बर्फ वितळला. तिथला मालक एका शब्दाने बोलला नाही. तेव्हापासून... पुसा हवं तर."

बाईंनी पुसलं नाही. लिहिलं, 'एकदा आपली चूक झाली होती.' अण्णांचे डोळे भरून आले.

पुढच्या सोमवारी अण्णांनी सुट्टी घेतली. दुपार झाली तरी फोन नाही. शेवटी त्यांनीच लावला. "बर्फवाल्याचा माल?"

"पहिल्याच गाडीने गेला, अण्णा."

बायकोने विचारलं, "काय हो, सवतीने हाकललं वाटतं?"

"नाही गं," अण्णा म्हणाले. "चांगल्या घरी पडली ती."