टरफलांच्या काढ्यानं सारवलेलं पेव

होजाच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली.

इफ्तू दचकली. चुलीपुढे बसूनही तिचं चुलीकडे लक्ष नव्हतं. तिनं झाकण बाजूला केलं, कॉफीची टरफलं उकळून झालेल्या तांबूस पाण्यात दूध ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं. मांडीवर झोपलेली लेक, सिफान, तेवढ्यानं चुळबुळली. इफ्तूनं तिच्या केसांतून बोटं फिरवली. पोरीची मान अजून मुठीत मावेल इतकी बारीक होती.

आज जमिनीखालचं ज्वारीचं पेव उघडायचं होतं.

गेल्या साली उघडलं तेव्हा भिंतींकडची सगळी ज्वारी हिरवी-काळी पडली होती. फेकायचा धीर झाला नाही. धुतली, वाळवली, दळली, खाल्ली. मोठ्यांच्या पोटात नुसतं ढवळलं, सिफाननं मात्र अंथरूण धरलं. ओकून ओकून पोरगी वातीसारखी झाली. इफ्तू तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची, श्वास चाललाय का बघत. पोरगी उठली, हिंडू लागली, तरी ते बोट अजून झोपेत तिच्या नाकाकडे जायचंच.

म्हणून या साली ज्वारी भरण्याआधी तिनं पेवाच्या भिंती टरफलांच्या काढ्यानं सारवल्या होत्या. शेतकी कॉलेजातली एक मुलगी गावातल्या बायकांना काचेची चपटी बशी दाखवून गेली होती. बशीभर बुरशी माजलेली, आणि जिथं टरफलांच्या अर्काचा थेंब टाकला होता तिथं स्वच्छ, गोल, रिकामी जागा. तिच्या काठाशी येऊन बुरशी थांबलेली. "पण हे अजून बशीतलंच आहे हं," मुलगी म्हणाली होती, "धान्याजवळ नेऊ नका. खाणाऱ्याला काय होतं ते आम्ही पाहिलेलं नाही."

हे शेवटचं इफ्तूनं घरी सांगितलं नव्हतं. होजा तर आपण रोजच पितो, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पण होजा पातळ असतो. तिनं पोतंभर टरफलं आटवून डांबरासारखा काढा केला होता.

"उठा, उजाडायच्या आत होऊ दे," बाहेरून बेद्रीनं, तिच्या नवऱ्यानं, हाक दिली. दुसऱ्याच्या पेवात किती दाणे आहेत ते कुणी बघू नये, अशी गावाची रीत.

गोठ्याच्या अंगाला पेवाचं तोंड होतं. बेद्रीनं वरची माती उकरली, फरशी सरकवली. आतून कोमट, आंबूस वाफ आली. तिघंही मागं सरली.

"माझ्या सासूनं शेणामातीनं सारवलं, तिच्या सासूनंही तेच," बेद्रीची म्हातारी आई अर्फासे भिंतीला टेकत म्हणाली. "आमच्या सूनबाईंनी पेवाला कॉफी पाजली. आता त्याला झोप कसली लागतेय."

"आये, सकाळी सकाळी नको की," बेद्री म्हणाला.

"मी कुठं काय म्हणते? पेवच बोलेल."

बेद्रीनं कडब्याची चूड पेटवली आणि दोराला बांधून आत सोडली. तोंडाच्या खाली जाते न जाते तोच ती विझली. हे नेहमीचंच होतं. उघडल्यावर पेवाला श्वास टाकू द्यायचा, तोवर माणसांनी होजा प्यायचा. पुन्हा चूड सोडायची, ती पेटती राहिली की उतरायचं.

होजा पिऊन झाला. चूड सोडली. विझली.

"दरसाल एवढ्यात राहते," बेद्री म्हणाला.

तिसऱ्यांदाही विझली. इफ्तूनं पेवाच्या तोंडाशी वाकून वास घेतला. काढा गाळून उरलेली टरफलं तिनं टाकली नव्हती. वाया कशाला घालवायची म्हणून ओलीच पिळून तळाशी, कडब्याच्या अस्तरामागं कोंबली होती.

"सिफानच्या बा," ती म्हणाली, "तळाला ओली टरफलं आहेत. मीच घातली. ती आत कुजून हवा खात बसली असणार."

बेद्रीनं तिच्याकडं पाहिलं. शेजारच्या घरातून धूर निघायला लागला होता. "श्वास कोंडून जातो," तो म्हणाला. "एक पाटी भरायची आणि वर."

त्यानं पाय आत सोडले. इफ्तूनं मागून त्याचा कमरपट्टा दोन्ही हातांनी धरला.

"सोड."

"तुमच्या मागं मीही उतरेन. मग आये काय करायचं ते करतील."

"बेद्री," अर्फासे म्हणाली. मघाची मस्करी तिच्या आवाजात नव्हती. "तुझा चुलता असाच श्वास कोंडून उतरला होता. त्याला आम्ही गळ टाकून काढला. बाहेर ये."

तो बाहेर आला. इफ्तूनं पाल्याच्या फांद्या तोडून त्यांचा जुडगा दोराला बांधला आणि आतली हवा वर यावी म्हणून तो पेवात खालीवर करू लागली. हात भरून आले तेव्हा बेद्रीनं दोर घेतला. ऊन कुंपणावर आलं. शेजारीण पलीकडून बघत उभी राहिली. बघू दे.

मग चूड सोडली ती तळापर्यंत पेटती गेली.

"बिस्मिल्ला," म्हणत बेद्री उतरला. त्याच्या कमरेचा दोर इफ्तूच्या हातात होता. दोर हलला की तिला श्वास येई, थांबला की तिचाही थांबे. "बोलत राहा," ती आत ओरडून सांगत होती. "काहीही बोला."

"काय बोलू? तुझ्या टरफलांना घाण वास येतोय."

पाटी वर आली. मग दुसरी, थेट भिंतीलगतची. ज्वारी पांढरी, कोरडी होती. अर्फासेनं ओंजळीत घेऊन ती उन्हात धरली, फुंकली, नखानं उकरली. हिरवा ठिपका कुठं दिसेना. तिनं एक दाणा दातांत फोडला.

"कडसर आहे," ती म्हणाली. "बुरशीचा कडूपणा नाही. दुसराच."

ज्वारी दळली, लापशी रटरटली. वाडगी भरली. सिफाननं हात पुढं केला तसा इफ्तूनं तो धरला.

"थांबा. त्या मुलीनं सांगितलं होतं, धान्याजवळ नेऊ नका. खाणाऱ्याला काय होतं ते त्यांनाच माहीत नाही."

बेद्रीचा घास बोटांतच राहिला. "आणि हे तू आज सांगतेस?"

"गेल्या सालच्याहून वाईट काय असेल?" अर्फासे म्हणाली. तिनं पहिला घास घेतला, सावकाश गिळला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. घरात दुसरं पीठ नव्हतं.

सिफाननं वाडग्याचा वास घेतला. "आई, बुरशी कुठं गेली?"

"मेली, बाळा."

"कशानं?"

"टरफलांच्या काढ्यानं."

पोरीनं आजीकडं पाहिलं, मग वाडग्याकडं, मग आईकडं.

"मग तो आणखी कशाकशाला मारतो?"